मेयोचा कारभार कुणाचा?

नागपुरात ‘मेयोत भरती केलंय’ एवढं सांगितलं की पुरतं. कुठलं रुग्णालय, कुठला रस्ता, हे कुणी विचारत नाही. सरकारदरबारी नाव बदलून किती वर्षं झाली तरी लोकांच्या तोंडी मेयोच आहे. हे नाव व्हाइसरॉय लॉर्ड मेयोचं. १८७२ च्या फेब्रुवारीत अंदमानात शेरअली आफ्रिदीने ज्याला भोसकलं, तोच हा. त्याच्या सरकारने १८७० मध्ये प्रांतांकडे पोलीस, शिक्षण, रस्ते, दवाखाने अशी खाती आणि त्यांच्यासाठी ठरावीक पैसा सोपवला. म्हणून आपल्याकडच्या स्थानिक स्वराज्याचा इतिहास सांगणारे बऱ्याचदा त्याच्या ठरावापासूनच सुरुवात करतात.

ज्या काउंटीचा, म्हणजे आयर्लंडमधल्या मेयो जिल्ह्याचा, हा ‘अर्ल’ म्हणवत होता, तिथे त्याच्या घराण्याचं बिऱ्हाडही नव्हतं. इस्टेट होती आयर्लंडच्या दुसऱ्या टोकाला, डब्लिनजवळच्या किल्डेअरमध्ये. आणि खुद्द मेयोतल्या शेतकऱ्याला आपल्या गावच्या रस्त्यावर किती पैसे खर्च व्हावेत हे ठरवण्याचा हक्क मिळायला १८९९ साल उजाडावं लागलं. मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्याने तालुका आणि जिल्हा लोकल बोर्डं आली, तीही कलेक्टरच्या मुठीत होती. पण निवडून आलेले चार सदस्य तिथे बसत तरी होते. लंडनच्या इतक्या जवळ असलेल्या मेयोत, निदान रस्ते-पुलांच्या कारभारात, तेवढंही नव्हतं.

मेयो आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. आकाराने आपल्या सिंधुदुर्गापेक्षा थोडासा मोठा. समुद्र, दलदल, खडक, आणि मधूनमधून बरी जमीन. सिंधुदुर्गात २०११ च्या शिरगणतीत साडेआठ लाख माणसं होती. मेयोत २०२२ मध्ये १ लाख ३८ हजारांच्या आसपास. पण १८४१ मध्ये याच मेयोत ३ लाख ८८ हजार ८८७ लोक राहत होते. जगातले बहुतेक प्रदेश या काळात अनेक पटींनी वाढले आणि हा एक निम्म्याहून खाली गेला. त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे, बटाट्याचा दुष्काळ. त्या दुष्काळात करआकारणीच्या एका कलमाने काय केलं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

तेव्हाचा कारभार दोन ठिकाणी चाले. रस्ते, पूल, तुरुंग, वेड्यांची इस्पितळं हे सगळं ‘ग्रँड ज्युरी’कडे. नाव न्यायालयाचं, काम जिल्हा बोर्डाचं. शेरीफ काउंटीतल्या बड्या जमीनदारांतून तेवीस जण निवडी. वर्षातून दोनदा कोर्टाचा फिरता दौरा काउंटीच्या मुख्य गावी, कॅसलबारला, आला की ही मंडळी बसत, कुठला रस्ता करायचा ते ठरवत आणि त्याचा कर बसवत. कर भरायचा जमीन कसणाऱ्याने; रस्ता जायचा बऱ्याचदा जमीनदाराच्या फाटकापाशी. दुसरं ठिकाण म्हणजे १८३८ च्या कायद्याने आलेली गरीब-निवाऱ्याची मंडळं. प्रत्येक मंडळाचं एक वर्कहाउस, म्हणजे जिथे अन्नाच्या बदल्यात माणूस कुटुंबापासून तोडून कोंडला जाई ती दगडी इमारत. या मंडळांत काही सदस्य निवडून येत, पण हुकूम जमीनदारांचाच.

या मंडळांच्या करात एक तरतूद होती. चार पौंड किंवा त्याहून कमी आकारणीच्या जमिनीचा सगळा कर कुळाने नव्हे, जमीनदाराने भरायचा. कागदावर किती दयाळू कायदा! गरीब कुळाला सूट. मेयोत बहुतेक तुकडे असेच चिमुकले होते. १८४५ पासून पीक सडायला लागलं, उपाशी लोक वाढले, तसा कर वाढला आणि जमीनदाराच्या एक गोष्ट लक्षात आली: कूळ जितकं लहान तितका त्याचा बोजा आपल्या डोक्यावर. कूळ नसेल तर करही नाही. मग झोपडी पाडा. १८४७ मध्ये दुसरं कलम आलं. पाव एकराहून जास्त जमीन असलेल्याला ती सोडल्याशिवाय मदत मिळणार नाही. कर वाचवण्यासाठी जमीनदार कुळाला हुसकत होता आणि पोटासाठी कूळ स्वतःच जमीन सोडत होतं. दहा वर्षांत मेयोची एक लाख चौदा हजार माणसं कमी झाली. कुणी मेलं, कुणी जहाजात बसलं.

कॅसलबारच्या मंडळाचा अध्यक्ष होता तिसरा लॉर्ड ल्युकन. पुढे १८५४ मध्ये क्रिमियात, बालाक्लाव्हाला, ब्रिटिश घोडदळाचा जो प्रसिद्ध आत्मघातकी हल्ला झाला, त्या घोडदळाचा सेनापती हाच. मेयोत त्याची ख्याती आधीच झाली होती, तीही घरं पाडण्यात. गावंच्या गावं उठवून त्याने कुरणं केली. १८४६ च्या अखेरीस, भूक ऐन भरात असताना, कर वसूल होत नाही या सबबीवर त्याच्या मंडळाने वर्कहाउसचं दार नव्या लोकांना बंद केलं. कर न भरणाऱ्यांत जमीनदारही होते, हे सांगायला नकोच.

१८४९ च्या मार्चअखेर लुईसबर्ग गावात शेकडो उपाशी माणसं मदतीच्या यादीत नाव राहावं म्हणून तपासणीला जमली. तपासणारे अधिकारी तिथून बारा मैलांवरच्या डेल्फी लॉजमध्ये मुक्कामाला गेले आणि लोकांना सांगण्यात आलं की सकाळी तिकडे हजर व्हा. रात्रभर थंडीत, डूलॉक तळ्याच्या काठाने ही माणसं चालली. पदरात काही पडलं नाही, आणि परतताना कित्येक जण वाटेतच पडले. मेलेल्यांचा आकडा कागदावर मोजका आहे, लोकांच्या तोंडी शेकड्यांत. त्या अधिकाऱ्यांच्या मनात क्रौर्य असेलच असं नाही. तपासणी कुठे घ्यायची हे त्यांच्या सोयीने ठरलं, एवढंच. कचेऱ्या चालतात त्या अशा.

तीस वर्षांनी, १८७९ मध्ये, पुन्हा पिकं बसली आणि या वेळी मेयो गप्प राहिलं नाही. २० एप्रिलला आयरिशटाउन या खेड्यात हजारोंची सभा झाली. तिच्यामागे होते ‘कॉनॉट टेलिग्राफ’ या कॅसलबारच्या पत्राचे संपादक जेम्स डेली आणि मायकेल डेव्हिट. डेव्हिट मेयोतल्याच स्ट्रेडचे. चार वर्षांचे असताना घरातून हुसकले गेलेले, इंग्लंडच्या गिरणीत अकराव्या वर्षी उजवा हात गमावलेले. ऑगस्टमध्ये कॅसलबारला मेयोतल्या कुळांची संघटना, लँड लीग, निघाली. ऑक्टोबरात डब्लिनमध्ये तीच साऱ्या देशाची झाली आणि आयरिश नेते पार्नेल अध्यक्ष झाले.

पुढच्या वर्षी मेयोतल्याच बॅलिनरोबजवळ लॉक मास्क तळ्याच्या काठावर कॅप्टन चार्ल्स बॉयकॉटचं प्रकरण घडलं. तो लॉर्ड अर्नचा कारभारी. कुळांनी खंडात जास्त सूट मागितली, ती नाकारून त्याने निष्कासनाच्या नोटिसा काढल्या. त्यावर गावाने त्याच्याशी व्यवहार तोडला. मजूर शेतावरून निघून गेले, दुकानदार माल देईना, टपालवाला येईना. कुणी त्याच्या अंगाला बोट लावलं नाही. शेवटी उत्तरेकडच्या काउंट्यांतून पन्नास प्रॉटेस्टंट स्वयंसेवक त्याचं पीक काढायला आले आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार सैनिक-पोलीस. पाचशे पौंडांचं पीक काढायला दहा हजार पौंड लागले असा हिशेब तेव्हा मांडला गेला. बॉयकॉट वर्ष संपण्याआधीच देश सोडून गेला. पंचवीस वर्षांनी बंगालच्या फाळणीनंतर आपल्याकडे बहिष्काराचं हेच हत्यार परदेशी कापडावर चाललं आणि टिळकांनी ते महाराष्ट्रात घरोघरी पोचवलं. त्या मेयोकरांना आपण जगाला काय देतोय याची कल्पनाही नसणार. पण पन्नास वर्षांनी त्यांच्याच नातवंडांनी ते कुणावर चालवलं, ते पुढे येईलच.

लँड लीगने खंड खाली आणला, पुढे जमिनीही कुळांच्या झाल्या. ग्रँड ज्युरी मात्र तशीच होती. ती गेली १८९८ च्या कायद्याने, आणि तो आणला कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने. हिशेब साधा होता: आयरिश लोकांना गटारं आणि रस्ते चालवायला द्या, म्हणजे ते डब्लिनमध्ये संसद मागायचं विसरतील. जमीनदार चिडू नयेत म्हणून त्यांच्या वाट्याच्या कराचा भार सरकारी अनुदानाने उचलला. १८९९ च्या एप्रिलमध्ये पहिल्या निवडणुका झाल्या. मत देण्याचा हक्क स्वतंत्र बिऱ्हाड असलेल्या प्रत्येकाला, त्यात स्त्रियाही. त्या तालुक्याच्या मंडळांवर निवडूनही येऊ शकत होत्या. काउंटी कौन्सिलवर बसायला मात्र त्यांना १९११ पर्यंत थांबावं लागलं.

आयर्लंडच्या दक्षिणेत आणि पश्चिमेत जमीनदार जवळपास एका दिवसात कारभारातून नाहीसे झाले. काल ज्यांची झोपडी पाडली जात होती ते शेतकरी, दुकानदार, खानावळवाले आज कर बसवत होते, कंत्राटं देत होते आणि नेमणुका करत होते. मेयोच्या इतिहासात इतकं मोठं सत्तांतर दुसरं नाही, आणि ते बंदुकीशिवाय झालं. १९१६ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावावर ग्रंथांची रास आहे; १८९९ च्या या निवडणुकीवर त्या मानाने फारच थोडं लिहिलं गेलं. मला तो अन्याय वाटतो.

नेमणुका हा या गोष्टीतला महत्त्वाचा शब्द. दवाखान्याचा डॉक्टर, करवसुलीवाला, कारकून, रस्त्याचा ओव्हरसियर. गरीब काउंटीत पगाराची खात्री असलेल्या नोकऱ्या एवढ्याच. त्यासाठी उमेदवार कौन्सिलरांच्या दारी खेटे घालत. नातं, पक्ष, गाव, कधी पाकीटही. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शिक्षकभरतीच्या कहाण्या ऐकलेल्या माणसाला यात काही नवं वाटणार नाही.

१९२० च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी शिन फेन पक्षाने बहुतेक काउंट्या जिंकल्या आणि कौन्सिलांनी ब्रिटिशांचा स्थानिक कारभार मानायचं सोडून बंडखोर संसदेशी, ‘डॉल’शी, निष्ठा जाहीर केली. ब्रिटिशांनी अनुदान तोडलं. १९२१ च्या मे महिन्यात बंडखोरांच्या सेनेने, आयआरएने, डब्लिनचं कस्टम हाउस पेटवलं, तेव्हा त्यात स्थानिक कारभाराचं अख्खं दफ्तर जळालं. मग ब्रिटिशांशी तह होऊन नवं आयरिश राज्य आलं आणि पाठोपाठ यादवी युद्ध झालं. नव्या राज्याच्या हाती आलेल्या कौन्सिलांत कर थकलेला आणि शिस्त ढासळलेली होती. डब्लिनमध्ये बसलेल्या तरुण मंत्र्यांना वाटलं, हे प्रकरण आवरायलाच हवं. बंडाच्या काळात डॉलचं स्थानिक कारभाराचं खातं सांभाळलेले डब्ल्यू. टी. कॉसग्रेव्ह आता सरकारचे प्रमुख होते. १९२३ च्या कायद्याने मंत्र्याला कौन्सिल बरखास्त करून प्रशासक बसवण्याचा अधिकार मिळाला. केरी आणि लिट्रिम त्याच वर्षी गेल्या, १९२४ मध्ये खुद्द डब्लिन आणि कॉर्क शहरं. १९२५ मध्ये तालुक्याची मंडळं मोडली. १९२६ मध्ये नेमणुकांसाठी आयोग आला: वरच्या जागांसाठी आयोग मुलाखत घेणार, एक नाव कळवणार आणि कौन्सिलने ते नेमायचं. नेमायचंच.

१९३० मध्ये मेयोला ग्रंथपाल हवा होता. काउंटी ग्रंथालय चार वर्षांचं, कार्नेगी ट्रस्टच्या मदतीने उभं राहिलेलं, गावोगावच्या शाळांत पेट्यांतून पुस्तकं पाठवणारं. आयोगाने उन्हाळ्यात नाव कळवलं: लेटिशिया डनबार-हॅरिसन. वय पंचविशीच्या आत, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजची पदवीधर आणि धर्माने प्रॉटेस्टंट.

ग्रंथालय समितीत बहुसंख्य कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांनी नाव फेटाळलं. उघड कारण असं की बाईंना पुरेसं आयरिश येत नाही. ही अडचण मेयोत काही भागांपुरती खरी होती. पण नियमाप्रमाणे भाषा शिकायला तीन वर्षांची मुदत मिळे आणि इतरत्र कुणी ती अडवत नव्हतं. खरं कारण समितीतल्या धर्मगुरूंनी लपवलंही नाही. कॅथलिक पोरींच्या हातात कोणतं पुस्तक द्यायचं हे प्रॉटेस्टंट बाईने का ठरवावं? डिसेंबरच्या शेवटी काउंटी कौन्सिलनेही नाव नाकारलं. तिथे राजकारणही होतं. कित्येक कौन्सिलर विरोधी फिआना फेलचे, सरकारला खिंडीत गाठण्याची संधी आयती चालून आलेली. आणि एक गोष्ट कुणी ठरावात लिहिली नाही, पण प्रत्येकाला कळत होती: आमच्या काउंटीतली नोकरी आम्ही देणार, डब्लिन नाही.

स्थानिक कारभाराचे मंत्री रिचर्ड मल्कॅही एकेकाळचे आयआरएचे सरसेनापती. त्यांनी चौकशी लावली, वर्ष संपता संपता कौन्सिल बरखास्त केलं आणि पी. जे. बार्टली या अधिकाऱ्याला प्रशासक म्हणून कॅसलबारला पाठवलं. बार्टलींनी पहिल्या कामांतच बाईंची नेमणूक केली.

मग मेयोने आपलं जुनं हत्यार काढलं. गावोगावची केंद्रं बंद झाली, पुस्तकांच्या पेट्या कॅसलबारला परत येऊ लागल्या. एकशेचाळीसपैकी शंभरच्या आसपास केंद्रं ओस पडली. बॉयकॉटवर टाकला होता तसाच बहिष्कार. फरक एवढाच की समोर बंगलेवाला कारभारी नव्हता, महिना-दीड महिन्याचीही ओळख नसलेल्या गावात एकटी आलेली, पगारावर जगणारी एक तरुण बाई होती. वर्षभर तिने ते सोसलं. ग्रंथपाल, पण वाचक नाहीत.

या प्रकरणात आजचा वाचक चटकन बाजू घेतो आणि मीही घेतो: नेमणूक बरोबर होती, नकार धर्मवेडा होता. कॉसग्रेव्ह स्वतः भाविक कॅथलिक. तरी बिशपांना त्यांनी लेखी कळवलं की धर्मावरून नागरिकांत भेद करणं या राज्याच्या पायाशीच विसंगत ठरेल. १९३१ मध्ये असं लिहायला धैर्य लागत होतं. तिकडे फिआना फेलचे नेते डी व्हॅलेरा डॉलमध्ये उभे राहून म्हणत होते की ग्रंथपालाचं काम शिक्षणाचं असेल, तर कॅथलिक जनतेला कॅथलिक माणूस मागण्याचा हक्क आहे. पण तेवढ्यावर थांबता येत नाही. एका नेमणुकीसाठी सबंध काउंटीचं निवडून दिलेलं सभागृह बंद करावं लागलं. रस्ते, दवाखाने, कर, सगळं एका अधिकाऱ्याच्या सहीवर चालू लागलं. १८९९ मध्ये जमीनदारांकडून मिळवलेलं, ते बत्तीस वर्षांत आपल्याच सरकारने काढून घेतलं. आणि काढून घेण्याचं कारण इतकं रास्त होतं की कौन्सिलच्या बाजूने सभ्य माणसाला बोलताच येईना. २०२२ नंतर आपल्या महापालिका आणि जिल्हा परिषदांत वर्षानुवर्षं प्रशासक होते. कारणं वेगळी, पण खुर्ची रिकामी राहिली की लोकांना तिची सवय होते, हे दोन्हीकडे सारखंच.

कॉसग्रेव्हचं तत्त्व निवडणूक जवळ येईपर्यंतच टिकलं. आर्चबिशपांशी पडद्याआड बोलणी झाली आणि १९३२ च्या आरंभी, मतदान तोंडावर असताना, बाईंची बदली डब्लिनला लष्कराच्या ग्रंथालयात झाली. कुणाचाच मान गेला नाही, असं दाखवायची सोय झाली. कॉसग्रेव्ह तरीही हरले. डी व्हॅलेरा आले, मेयोचं कौन्सिल परत बसलं. बाईंनी त्याच सुमारास मेथडिस्ट पाद्री रॉबर्ट क्रॉफर्ड यांच्याशी लग्न केलं आणि लग्नाबरोबर नोकरी गेली. लग्न झालेल्या स्त्रीला सरकारी नोकरीत ठेवायचं नाही हा नियम होता आणि तो १९७३ पर्यंत राहिला. धर्मावरून तिला हटवू न शकलेलं राज्य लग्नावरून सहज हटवू शकलं, आणि त्यावर डॉलमध्ये कुणी वाद घातला नाही.

ज्या डी व्हॅलेरांनी मेयोच्या कौन्सिलरांची कड घेतली, त्यांच्याच सरकारने १९४० चा कायदा केला. तो १९४२ मध्ये लागू झाला आणि प्रत्येक काउंटीत एक मॅनेजर आला. नेमणुका त्याच्या, कंत्राटं त्याची, घरांचं वाटप त्याचं. कौन्सिलरांकडे अंदाजपत्रक, कराचा दर, ठराव आणि उपविधी. आपल्या जिल्हा परिषदेतला मुख्य कार्यकारी अधिकारी बलवान वाटत असेल, तर मेयोचा मॅनेजर त्याहून वरचढ होता. बंडखोर मेयोला एकट्याला झालेली शिक्षा सौम्य रूपात साऱ्या देशाला कायमची लागली, आणि फारशी ओरड झाली नाही. कौन्सिलरांनाही सोयच झाली असावी. घर न मिळालेल्या माणसाला सांगता येई, ‘मी खूप प्रयत्न केला, पण मॅनेजर ऐकत नाही.’

कराचा दर ठरवण्याचा अधिकार उरला होता, तोही सुटला. १९७७ च्या निवडणुकीत फिआना फेलने घरपट्टी रद्द करण्याचं वचन दिलं, जिंकले आणि पाळलं. १९८० च्या दशकात न्यायालयाने शेतजमिनीवरचा कर घटनाबाह्य ठरवला. ज्या काउंटीने कर कुणी बसवायचा यावरून शंभर वर्षं झुंज दिली, तिच्या कौन्सिलला आता मुख्यतः डब्लिनच्या अनुदानाची वाट बघायची होती. आरोग्याचं काम त्याआधीच १९७० च्या कायद्याने नव्या मंडळांकडे गेलं होतं. नॉक गावी विमानतळ हवा, तर तो कौन्सिलने नाही, जेम्स होरन या पाद्र्याने मनावर घेतला. सरकारने अर्ध्यात हात काढल्यावर वर्गण्या गोळा करून पुरा केला, आणि १९८६ मध्ये तो रीतसर सुरू झाला. २०१४ च्या सुधारणेत कॅसलबार, बॅलिना आणि वेस्टपोर्ट यांची नगरमंडळं मोडली आणि त्याच सुमारास पाणीपुरवठा राष्ट्रीय कंपनीकडे गेला. घरांवर नवा मालमत्ता कर २०१३ मध्ये आला, पण तो गोळा करतो महसूल विभाग. मेयो काउंटी कौन्सिलवर आज तीस सदस्य निवडून जातात. मॅनेजरला आता चीफ एक्झिक्युटिव्ह म्हणतात, आणि ग्रंथपालाची नेमणूक अजूनही कौन्सिलरांच्या हातात नाही.